घड्याळाचा ईसीजी आणि रामटेक्यांची पळी

घड्याळाच्या दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते साचतात. बंडूकाकांच्या टेबलाखाली झाडू फिरवला की एखादा स्क्रू निघतोच. तो कोणत्या घड्याळाचा, हे कुणालाच आठवत नाही आणि ज्याचा असतो ते घड्याळ त्याच्याशिवाय मजेत चाललेलं असतं. किस्स्यांचंही तसंच आहे. ज्याच्यावर घडला तो विसरून जातो आणि आम्ही मात्र दर रविवारी चहाबरोबर तो पुन्हा काढतो.

आम्ही म्हणजे मी आणि बंडूकाका. काका माझ्या वडिलांचे मित्र. रायपूरच्या गुढियारीत, मालगाड्यांच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर, त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. मी सिलतऱ्याला स्टील प्लांटमध्ये नोकरी करते. माझं काम मशिनींची धडधड ऐकण्याचं. मोठमोठ्या पंख्यांच्या बेअरिंगला सेन्सर लावायचा आणि कोणतं बेअरिंग आता दगा देणार ते सांगायचं. आठवडाभर हेच केल्यावर रविवारी माणसानं शांत बसावं की नाही? पण मी काकांच्या दुकानात जाऊन बसते. नवरा म्हणतो, "तुझी सुट्टी म्हणजे मोठ्या मशीनकडून छोट्या मशीनकडे बदली!"

काकांच्या साठीला मी त्यांना एक यंत्र दिलं. छोटंसं आहे. एका चिमट्यात घड्याळ अडकवायचं, चिमट्यातला सेन्सर त्याची टिकटिक ऐकतो आणि पडद्यावर ठिपक्यांची रेघ काढतो. रेघ वर चढली की घड्याळ पुढे पळतंय, खाली उतरली की मागे पडतंय. टिक आणि टक यांत सारखं अंतर नसेल, तर एकाऐवजी दोन रेघा उमटतात. काकांच्या भाषेत, घड्याळ लंगडतंय. भिंतीवरच्या घड्याळासाठी वायरला लावलेला वेगळा चिमटाही आहे, तो थेट पेटीला लावायचा.

यंत्राचं खरं नाव डब्यावर छापलेलं होतं, पण डबा पहिल्याच आठवड्यात काकांनी चहाच्या ग्लासांसाठी घेतला. नाव पडलं ते एका गिऱ्हाईकामुळे. पडद्यावरची रेघ पाहून तो माणूस हात जोडून म्हणाला, "भैया, मोर घड़ी के घलो ईसीजी निकाल देव!" म्हणजे माझ्याही घड्याळाचा काढा.

तेव्हापासून सगळा पारा, म्हणजे सगळा मोहल्ला, त्याला ईसीजीच म्हणतो.

*

पहिल्या दिवशी त्या ईसीजीनं आमची चांगलीच फजिती केली. कोणतंही घड्याळ लावा, पडद्यावर रेघ म्हणून नाहीच! फोडणीत मोहरी तडतडावी तसे ठिपके चहूकडे. काकांचं तोंड पडलं. मला वाटलं, फसवलं आपल्याला ऑनलाइनवाल्यानं.

मी प्लांटमधली सगळी विद्या वापरली. वायर तपासली, सेन्सर उलटा करून पाहिला, पंखा बंद केला. काही फरक नाही. शेवटी हताश होऊन भिंतीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. भिंतभर काकांची घड्याळं! ती सगळी टिकटिकत होती आणि बिचारा सेन्सर लाकडी टेबलातून सगळ्यांचंच ऐकत होता.

आम्ही स्टुलावर चढून एकेक लंबक धरून थांबवला. लगेच पडद्यावर सरळ, देखणी रेघ आली. काकांनी टाळीच वाजवली. तेवढ्यात शेजारचा किराणावाला डोकावला आणि त्यानं विचारलं, "बंडूभैया, टाइम क्या हुआ?"

काकांनी भिंतभर थांबलेल्या घड्याळांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "नहीं बता सकते. अभी घड़ी का काम चल रहा है!"

*

आता रामटेक्यांबद्दल सांगायलाच हवं, कारण आमच्या रविवारचे ते तिसरे सभासद.

वसंतराव रामटेके सरकारी ऑफिसात आहेत, राहतात गुढियारीतच. एका रविवारी ते जुनं लाकडी भिंतीचं घड्याळ छातीशी धरून आले. चावीचं, टोल देणारं घड्याळ. त्यांचे वडील रेल्वेत होते, रिटायर झाल्यावर त्यांनी हौसेनं घेतलेलं. काकांनी काचेचं दार उघडलं आणि आत पाहतच राहिले. लंबकाच्या जागी पळी लटकत होती! वरण वाढायची, स्टीलची, आकड्यासारख्या वाकवलेल्या दांड्याची पळी.

"हे काय आहे हो?" काकांनी विचारलं.

"पळी आहे," वसंतराव शांतपणे म्हणाले. "टेम्पररी."

मग हळूहळू सगळी कहाणी निघाली. वडील गेल्यावर दोघा भावांनी एका दुपारीच वाटणी उरकली होती. घर, गावाकडचं शेत, भांडीकुंडी, कशावरही वाद झाला नाही. वाद झाला तो घड्याळावर. थोरले धनराज म्हणाले, मी मोठा. वसंतराव म्हणाले, चावी द्यायला बाबांनी मलेच शिकवलं. मामांनी चिठ्ठ्या टाकल्या, घड्याळ वसंतरावांच्या नावावर निघालं. धनराज उठले, घड्याळाचं दार उघडलं, लंबक काढून शर्टाच्या खिशात घातला आणि बीरगावला आपल्या घरी निघून गेले. जाताना एवढंच म्हणाले, "वाटणी म्हणजे वाटणी!"

तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. कित्येक वर्षं झाली.

काका म्हणाले, "अहो, मग नवा लंबक लावून देतो ना. पळी काहून लावून राहिले?"

"नवा लावला तर दादा जिंकला," वसंतराव म्हणाले. "पळी आहे तोपर्यंत मामला चालू आहे."

पळीवर ते घड्याळ दिवसाला अर्धा-अर्धा तास मागे पडायचं. वसंतराव दर रविवारी यायचे, ईसीजी काढायचे, पळीच्या दांड्याला तार गुंडाळून पुन्हा घरी न्यायचे. त्यांच्या बायकोचा दर रविवारी दुकानात फोन यायचा. घड्याळाची चौकशी नसायची. "माही पळी कधी देता तेवढं सांगा!"

*

जोशी गुरुजी अर्ध्या रायपूरच्या मराठी लग्नांचे गुरुजी. त्यांच्याकडे वडिलांचं खिशातलं घड्याळ आहे आणि मुहूर्त ते फक्त त्यावरच पाहतात. मोबाइलवर पाहा म्हटलं तर म्हणतात, "मोबाइलवर लग्न होत नसतं, मोडत असतं!"

काकांनी एकदा सहज म्हणून त्या घड्याळाचा ईसीजी काढला. रेघ जी वर चढली, ती थेट पडद्याबाहेर.

"गुरुजी, हे तर पळून राहिलं. वेळ कधी लावता?"

"दर रविवारी."

"मग शनिवारपर्यंत हे चांगलं पाव तास पुढे जात असन."

गुरुजींचा चेहरा उतरला. म्हणजे रविवार-सोमवारची लग्नं बरोबर मुहूर्तावर आणि आठवड्याच्या शेवटची सगळी मुहूर्ताआधीच! ते डोळे मिटून एकेक जोडपं आठवायला लागले. काकांनी धीर दिला, "संसार तर ठीक चालून राहिले ना सगळ्यांचे?"

"चाललेत तसे."

"मग कशाले काळजी करता?"

गुरुजी बराच वेळ घड्याळाकडे पाहत बसले. मग हळूच म्हणाले, "माझं लग्न वडिलांनीच लावलं होतं. ह्याच घड्याळावर. शनिवारी."

काकांनी चहाचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला.

गुरुजींनी घड्याळाचं झाकण लावलं, ते खिशात घातलं आणि म्हणाले, "तरीच!"

*

आमच्या प्लांटमधला एक तरुण इंजिनिअर माझ्यामागे लागला होता, "दीदी, मुझे भी वो मशीन देखनी है." घरी आई मराठीत बोलते आणि हा हिंदीत उत्तर देतो, अशांपैकी पोट्टा. रविवारी आला. मनगटावर भलंमोठं स्मार्ट वॉच. झोप मोजतं, पावलं मोजतं, हृदयाचे ठोके मोजतं. ते काढून त्यानं काकांपुढे ठेवलं. "अंकल, इसका भी निकाल दो."

काकांनी गंमत म्हणून चिमट्यात लावलं. पडदा कोराच. एक ठिपकासुद्धा नाही.

काकांना फार आनंद झाला. "पाह्य, हे दिवसभर तुही नाडी पाहून राहिलं, अन् याले स्वतःले नाडीच नाही!"

पोट्ट्यानं काळजीनं घड्याळ उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "अंकल, शायद चार्जिंग खत्म हो गई है."

*

बीरगावचे साहूजी फॅक्टरीत कामाला आहेत. त्यांचं घड्याळ दुकानात अगदी सरळ रेघ काढायचं आणि घरी मागे पडायचं. तीनदा आले, तीनदा तेच. काका वैतागले. मग मी विचारलं, "रात को कहाँ रखते हो?"

"पाठीवर झोपवतो ना," साहूजी म्हणाले. मराठी शेजाऱ्यांमुळे त्यांना मराठी येतं आणि ते हौसेनं बोलतात.

हातातलं घड्याळ उताणं एका चालीनं चालतं आणि कुशीवर दुसऱ्या चालीनं. ईसीजीवर ते चक्क दिसतं. आम्ही त्यांचं घड्याळ फिरवून फिरवून पाहिलं. उताणं ठेवलं की मागे पडायचं, कुशीवर ठेवलं की पुढे जायचं. दिवसा मनगटावर बरोबर. काकांनी डॉक्टरच्या थाटात सांगितलं, "रात्री अर्धा वेळ कुशीवर झोपवा. रात्रभर उताणं बिलकुल नाही."

पुढच्या रविवारी साहूजींच्या बायकोच पेढे घेऊन आल्या. काका खूश. "घड़ी ठीक हो गे?"

"घड़ी ला कोन देखे हे?" मागे उभ्या साहूजींकडे बोट दाखवत त्या म्हणाल्या. "मैं एला घलो करवट सुताथंव. खर्राटा बंद हो गे!"

*

गुढियारीत मालगाडी गेली की टेबल हलतं, टेबल हललं की ठिपके उडतात, म्हणून गाडी जाईपर्यंत आम्ही सगळे श्वास धरल्यासारखे बसतो. त्यात एकदा रेघ सरळ चालली असताना, गाडी नाही, काही नाही, मध्येच ठिपके उडाले. पुन्हा सरळ. पुन्हा उडाले. मी खाली वाकून पाहिलं, टेबलाच्या मागच्या फळीला पाल चिकटली होती आणि निवांत चुकचुकत होती.

पाल चुकचुकली की काका बोटांनी टेबल वाजवून "कृष्ण कृष्ण" म्हणतात. त्यांच्या आईची सवय. त्यांनी टेबल वाजवलं, ठिपके आणखी उडाले. पाल घाबरून पुन्हा चुकचुकली, काकांनी पुन्हा टेबल वाजवलं. पंधरा मिनिटं हाच कार्यक्रम. गिऱ्हाईक पडद्याकडे पाहून घामाघूम झालं. "भैया, बचेगी ना मेरी घड़ी?"

*

वसंतरावांच्या मुलीचं, पल्लवीचं लग्न ठरलं. ती स्वतः पत्रिका घेऊन दुकानात आली. वसंतराव तेव्हा नेहमीप्रमाणे घड्याळाची काच पुसत बसले होते.

"लग्नाच्या दिवशी हे घरात बरोबर टोल देईन असं करा," ते काकांना म्हणाले. "बाबा असते तर नातीच्या लग्नात पहिल्यांदा हेच पुसून ठेवलं असतं."

"दादाले पत्रिका पोचली?" काकांनी विचारलं.

"पल्लवीच्या हातानं पोचली. येते की नाही, त्याची मर्जी." एवढं म्हणून ते तीच काच पुन्हा पुसायला लागले. ती केव्हाच स्वच्छ झाली होती. मला एकदम वाईट वाटलं. घड्याळ चालायला हवं होतं हे खरं, पण त्यांना त्या दिवशी भाऊ दारात हवा होता आणि ते म्हणायची त्यांची तयारी नव्हती.

पल्लवी मात्र ईसीजीकडे टक लावून पाहत होती. ती धनराजांकडे, तिच्या 'बड़े पापां'कडे, पहिल्यापासून जाते-येते, भांडण दोघा भावांचं. हळूच माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "दीदी, बड़े पापा ने उस पेंडुलम को दीवार पे टांग रखा है. रोज पोंछते हैं." मग मोठ्यानं काकांना विचारलं, "काका, अकेले पेंडुलम का भी ईसीजी होता है क्या?"

काका हसले. "एकट्या लंबकाचा कुठं निघते, पोरी! त्याले आवाजच नाही."

"अच्छा," ती म्हणाली, आणि पत्रिका ठेवून निघून गेली. तिचा चेहरा जरा जास्तच साळसूद होता.

*

पुढच्या रविवारची गोष्ट. भिंतीच्या खिळ्यावर वसंतरावांचं घड्याळ लावलेलं, आत पळी डुलतेय, बाकीची सगळी घड्याळं थांबवलेली. वसंतराव दाराकडे पाठ करून तार कापत होते. तेवढ्यात एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ आत आले. त्यांनी शर्टाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेली वस्तू काढून टेबलावर ठेवली. रुमाल उघडला. पितळी लंबक, सोन्यासारखा लखलखीत.

"नमस्कार. पुतणी म्हणाली इथं ईसीजी निघते," ते म्हणाले. "फक्त लंबकाचा काढून द्या. बरोबर आहे की नाही, तेवढंच पाहाचं आहे."

आवाज ऐकून वसंतरावांच्या हातातली पक्कड थांबली. पण ते वळले नाहीत.

काकांनी लंबक उचलला, हातावर तोलला आणि सावकाश म्हणाले, "याचा एकट्याचा निघत नाही हो, धनराजजी. याले घड्याळ लागते."

धनराजांनी मान वर केली आणि भिंतीवर पाहिलं. आपल्या वडिलांचं घड्याळ. त्यात डुलणारी पळी. मिशा थरथरल्या. आता हा माणूस तडक निघून जाणार, असं मला वाटलं.

"काहून बे, वसंता," ते कडाडले, "बाबाच्या घड्याळाले पळी?"

वसंतराव अजूनही पाठमोरेच. हातातली तार गुंडाळत म्हणाले, "टेम्पररी आहे, दादा."

धनराज दोन ढांगांत भिंतीपाशी पोचले. पळी काढून टेबलावर आपटली, लंबक अडकवला आणि बोटानं हलकेच झोका दिला. मी चिमटा पेटीला लावला. पडद्यावर रेघा उमटल्या. दोन. एक वर, एक खाली, मध्ये चांगलं दोन बोटं अंतर.

"लंगडून राहिलं," काका म्हणाले. "पेटी खालून जराशी सरकवा लागन. एकानं पेटी धरा, एकानं पडद्यावर पाहा." आणि स्क्रू पडल्याचं निमित्त करून ते टेबलाखाली गेले. मीही गेले. स्क्रू शोधायला दोन माणसं लागतातच.

वरून आधी पेटी सरकल्याचा आवाज आला. मग वसंतरावांचा. "कोणत्या बाजूले?"

"डावीकडे."

"इतकी?"

"अजून. अजून. अबे, जास्त झाली! उजवीकडे घे."

"बाबा पण तू अस्साच सांगायचास म्हणून ओरडायचे."

"तुह्यावर ओरडायचे. नीट धर."

मालगाडी आली. टेबल थरथरायला लागलं. मी खालून डोकं काढून पाहिलं तर दोघं भाऊ पेटीला चारही हात लावून गाडी जायची वाट पाहत उभे होते. गाडी लांबलचक होती. ती गेली, ठिपके बसले, आणि दोन रेघा जवळ येत येत पडद्यावर एकच झाली.

काका टेबलाखालून निघाले, गुडघे झाडत म्हणाले, "इथं जुळवून उपयोग नाही. ज्या भिंतीवर लावाचं, तिथंच पुन्हा जुळवा लागते."

वसंतरावांनी घड्याळ खिळ्यावरून उतरवलं. नेताना लंबक काढावा लागतो, तो धनराजांनी काढला, रुमालात गुंडाळला आणि पुन्हा आपल्याच खिशात घातला. वसंतरावांचा चेहरा पडला. ते घड्याळ छातीशी धरून स्कूटरकडे निघाले. धनराज मागोमाग गेले आणि मागच्या सीटवर बसले. घड्याळ त्यांनी भावाच्या हातातून काढून स्वतःच्या मांडीवर घेतलं.

स्कूटर सुरू झाली. मग धनराजांनी वसंतरावांच्या खांद्यावर थाप मारून ती थांबवली आणि दुकानाकडे वळून ओरडले,

"अवो बाई, ती पळी द्या इकडं! पोरीच्या लग्नात मले वरण वाढाचं आहे."